जपानच्या शाळेत मी नुसती टेप रेकॉर्डर झालेय, परत येऊ का?

"ताई, मी सांगलीची, वय २६. दीड वर्षापूर्वी जपान सरकारच्या जेट प्रोग्राममधून शिमाने प्रिफेक्चरमधल्या, म्हणजे प्रांतातल्या, एका छोट्या गावात एएलटी म्हणून आले, म्हणजे इंग्रजीची असिस्टंट टीचर. एक ज्युनियर हायस्कूल आणि दोन प्राथमिक शाळा माझ्याकडे आहेत. हायस्कूलमध्ये काम एवढंच की जपानी टीचर मान हलवतात तेव्हा पुस्तकातलं वाक्य वाचायचं, मुलांनी माझ्यामागून म्हणायचं, बाकी वेळ फळ्याशेजारी उभं राहायचं. परवा त्या म्हणाल्या जरा अमेरिकन उच्चार करून वाचता येईल का, ते फार लागलंय. मी शाकाहारी, शाळेच्या जेवणातलं दूध आणि भात एवढंच पोटात जातं. स्टाफरूममध्ये दिवसदिवस कोणी बोलत नाही. घर एवढं गार की खोबरेल तेलाचा दगड झालाय. आता तिसऱ्या वर्षी राहणार का याचा फॉर्म आलाय, पंधरा दिवसांत द्यायचाय. आईबाबा म्हणतात एबीसीडी शिकवायला एवढ्या लांब कशाला, ये परत. काय करू? नाव छापू नका."

अगं, तुझं पत्र वाचलं आणि आधी वरची तारीख बघितली. जानेवारी. म्हटलं बरोबर आहे, जपानच्या समुद्राच्या त्या बाजूला जानेवारीत कोणालाही परत जावंसं वाटतं, त्यात आपण तर कृष्णाकाठच्या उन्हातली माणसं. मी स्वतः निइगाताला तीन वर्षं एएलटी होते त्यामुळे ते करडं आभाळ मला चांगलं माहितीये, सकाळी पाऊस दुपारी बर्फ संध्याकाळी परत पाऊस, आणि तुमच्याकडे तर म्हणच आहे ना की जेवणाचा डबा विसरलास तरी चालेल पण छत्री विसरू नको. तुझ्याच प्रिफेक्चरमध्ये, मात्सुएला, १८९० च्या ऑगस्टमध्ये लाफ्काडिओ हर्न नावाचा माणूस इंग्रजी शिकवायला आला होता, गाव त्याला इतकं आवडलं की तिथल्याच सेत्सु नावाच्या बाईशी त्याने संसार मांडला, पुढे कोइझुमी याकुमो असं नाव घेऊन जपानी नागरिकसुद्धा झाला, पण तोही पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात मात्सुए सोडून दक्षिणेला कुमामोतोला गेला आणि मात्सुएची थंडी झेपली नाही हे त्यातलं एक कारण होतं. तेव्हा थंडीने रडू येत असेल तर तू काही पहिली नाहीस.

म्हणून फॉर्मचं नंतर बघू, आधी घर. जपानी घरांना भिंती म्हणजे पुठ्ठा असतो आणि हीटिंग जिथे तुम्ही बसलाय तेवढ्यापुरतंच, अख्खं घर गरम करायचा नाद सोड. एकच खोली ठेव, बाकीची दारं बंद. कोतात्सु, म्हणजे खाली हीटर आणि वर रजई असलेलं बुटकं टेबल, नसेल तर आजच घे, रिसायकल शॉपमध्ये स्वस्तात मिळतो, अंथरुणात घालायला इलेक्ट्रिक चादर घे, तिला वीज फार लागत नाही, आणि खिडक्यांना होम सेंटरमध्ये मिळतो तो फुगेवाला प्लास्टिक शीट चिकटव. रॉकेलचा हीटर वापरत असशील तर तासाला एकदा खिडकी उघडायची म्हणजे उघडायची, कितीही जिवावर आलं तरी, त्यात आळस नको. हे सगळं करून आठवडाभर नीट झोप आणि मग हे पुढचं वाच.

आता टेप रेकॉर्डर. तुझं दुखणं खरं आहे पण त्याचा अर्थ तू लावतेस तसा नाहीये असं मला वाटतं. त्या बाईंचा दिवस कसा जातो ते एकदा नीट बघ. सकाळी साडेसातला शाळेत, स्वतःच्या वर्गाची हजेरी, पालकांचे फोन, दुपारनंतर बॅडमिंटन नाहीतर ब्रास बँडचा क्लब, घरी जायला आठ, आणि डोक्यावर ज्युनियर हायस्कूलच्या तिसरीतल्या, म्हणजे आपल्या नववीच्या, मुलांची पुढच्या सीनियर हायस्कूलची प्रवेश परीक्षा जी आता महिना दीड महिन्यावर आलीये. तुला काय काम द्यायचं याचा विचार करायलाच त्यांच्याकडे वेळ नाही, त्यामुळे सगळ्यात कमी तयारी लागणारं काम तुला मिळतं, आणि ते म्हणजे वाच आणि म्हणवून घे. तू जाऊन "मला जास्त काम द्या" म्हणालीस तर त्यांच्या दृष्टीने ते त्यांचंच काम वाढतं. हेच मी पहिल्या वर्षी केलं होतं, आणि नुसतं त्यांना सांगून थांबले नाही, थेट शिक्षण मंडळातल्या माझ्या सुपरवायझरला मोठ्ठा मेल लिहिला, मुद्दे बिद्दे घालून. दुसऱ्या दिवशी उपमुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं, अतिशय गोड बोलले, आणि त्यानंतर जवळजवळ चार महिने शाळेत सगळे माझ्याशी इतके अदबीने वागले की मला रडू यायचं. तिथे कोणाच्या डोक्यावरून जायचं नसतं गं, आणि मीटिंगमध्ये तर तोंड उघडायचंच नाही. जे बोलायचं ते आधी एकेकाशी, जाता येता, हळू आवाजात.

तू काय माग तर पाच मिनिटं. "साइश्यो नो गोफुन", तासाची पहिली पाच मिनिटं मला द्या, तयारी माझी, साहित्य माझं, सहाव्या मिनिटाला वर्ग तुमचा. पन्नास मिनिटांच्या तासातली पाच कोणीही देतं, आणि एका कागदावर काय करणार ते जपानीत चार ओळीत लिहून आदल्या दिवशी त्यांच्या टेबलावर ठेव.

पण पाच मिनिटात करायचं काय हे स्टाफरूममध्ये बसून सुचत नाही, ते सुचतं सोजीच्या वेळी, म्हणजे साफसफाईच्या. तू पत्रात सोजीबद्दल एक शब्द लिहिला नाहीस, त्यावरून मला शंका आली की तू त्या पंधरा मिनिटात टेबलावरच बसतेस की काय. बसत असशील तर उद्यापासून फडकं घे. मी सांगते मला काय झालं ते. फेब्रुवारी होता, दुसऱ्या मजल्याचा कॉरिडॉर, मुलं ते झोकिन, म्हणजे लादीचं फडकं, जमिनीवर दोन्ही हातांनी दाबून ढुंगण वर करून पळत लादी पुसतात ना तसं चाललं होतं, मी बादलीपाशी बसून फडकी पिळत होते आणि बोटं अक्षरशः निळी झाली होती. वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा शेजारी येऊन फडकं पिळायला लागला आणि एकदम जपानीत म्हणाला, सेन्सेइ, आज हवा सामुइ आहे आणि हे पाणी त्सुमेताइ आहे, मग इंग्रजीत दोघांना कोल्ड कसं काय? मी म्हटलं हो, दोन्हीला कोल्डच. तो म्हणाला, विचित्रच आहे. मी म्हटलं माझ्या भाषेतही विचित्रच वाटेल, आमच्याकडे हवेत थंडी असते आणि पाणी गार असतं. आता गार हा शब्द जपानी तोंडात गेला की त्याचा होतो गाऽरु, आणि गाऽरु म्हणजे त्यांच्या काताकानात, परक्या शब्दांच्या लिपीत, गर्ल! झालं, पुढची दहा मिनिटं अख्खा कॉरिडॉर "हे पाणी मुलगी आहे, हे पाणी मुलगी आहे" म्हणत फडकी पिळत होता. माझ्या जेटीई बाई, म्हणजे इंग्रजीच्या जपानी टीचर, मागे बादली घेऊन उभ्या होत्या, मला वाटलं आता ओरडा बसणार, तर दुसऱ्या दिवशी तास सुरू होताना त्याच म्हणाल्या की ते कालचं थंडीचं वर्गाला सांगशील का. माझी पहिली पाच मिनिटं मला अशी मिळाली, त्या लांबलचक मेलने नाही.

आणि तुझ्याकडे दोन प्राथमिक शाळाही आहेत हे तू एका ओळीत उरकलंस! अगं तिथे तू राणी आहेस. २०२० पासून पाचवी सहावीला इंग्रजी रीतसर विषय झालाय, मार्कांसकट, आणि तिसरी चौथीला तोंडओळख, पण शिकवणारे कोण तर बहुतेक ठिकाणी वर्गशिक्षकच, ज्यांना गणितापासून पोहण्यापर्यंत सगळं शिकवायचं असतं आणि इंग्रजीची ज्यांना स्वतःलाच धडकी भरते. त्यांना तू हवी आहेस. जे खेळ, जी गाणी, जी चित्रं करायचीत ती तिथे कर, तिथल्या पंचेचाळीस मिनिटात जीव ओत, आणि हायस्कूलकडून अपेक्षा जरा कमी ठेव. तसंही तुझी आत्ताची सहावी एप्रिलमध्ये ज्युनियर हायस्कूलच्या पहिलीत येणार आहे, ती मुलं तुला ओळखत येतील आणि मग वर्गाचं वातावरण आपोआप बदलतं, हे मी दोनदा बघितलंय.

अमेरिकन उच्चाराचं. राग आला हे समजू शकते, पण एक गोष्ट स्पष्ट सांगू का, त्यांना बहुतेक पुस्तकाच्या ऑडिओसारखं हवं होतं कारण परीक्षेतलं लिसनिंग त्याच उच्चारात असतं, तुझ्या भारतीय असण्यावर तो शेरा नव्हता. शेरा असेल तरी तू काय करणार, अमेरिकन तर होणार नाहीस. उलट आपलं आपल्याला माहीत पाहिजे, आपण मराठी लोक झू म्हणतो, झीरो म्हणतो, व्हेस्ट आणि वेस्टमध्ये गोंधळ घालतो, ते तेवढं दुरुस्त कर, अर्धा तास आरशासमोर बसलीस तर होईल. बाकी उच्चार तुझाच राहू दे आणि त्या मुलांना सरळ सांग की मीही इंग्रजी शाळेत शिकले, माझ्या आईची भाषा वेगळी आहे, मलाही व्ही जमत नव्हता जसा तुम्हाला जमत नाही. त्यांचं "बेरी गुद्दो" आणि आपलं झू एकाच बाकावर बसवलंस की मुलं बोलायला घाबरत नाहीत. आणि जाता जाता, जपानीतला त्सु जमवताना अमेरिकन एएलटींची जीभ अडखळते, तो आपल्याला फुकट मिळालाय, चूल म्हणताना जो च येतो ना अगदी तोच. शब्दांची ओळही आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी. हा फायदा वापर, जपानी मनावर घे, त्यावर पुढे येतेच.

जेवण. इथे मी जरा ओरडणार आहे. दीड वर्ष दूधभात खाऊन काढलंस? "बेजितारियन देस" म्हणून सोडून दिलं असशील तर उपयोग नाही, तिथे त्या शब्दात मासे बसतात, दाशी तर बसतेच, आणि दाशी म्हणजे बहुतेक वेळा सुक्या माशाचा अर्क, तो मिसो सूपपासून उकडलेल्या पालकापर्यंत सगळीकडे असतो, शाळेच्या करीतल्या रूमध्येही, म्हणजे करी घट्ट करायच्या तयार मसाल्यातही, प्राण्याची चरबी असू शकते. खोटं ॲलर्जी आहे असं मात्र सांगू नको, त्याची डॉक्टरच्या कागदापासूनची मोठी यंत्रणा हलते आणि मग खरं कळलं की लाज जाते. क्यूश्योकु, म्हणजे शाळेचं जेवण, बऱ्याच ठिकाणी एका केंद्रात अनेक शाळांचं एकत्र शिजतं त्यामुळे तुझ्यापुरता बदल ते करणार नाहीत, पण तुझं जेवण बंद करता येतं. ऑफिसात जाऊन सांग की पुढच्या महिन्यापासून क्यूश्योकु नको, घरून डबा आणीन, पैसेही कापणार नाहीत. आणि डबा घेऊन वर्गातच बस, मुलांबरोबर, इतादाकिमास म्हणून, स्टाफरूममध्ये एकटी बसून खाऊ नको. तुझ्या डब्यात काय आहे हे बघायला रोज चार डोकी येतील, हा इंग्रजीचा सगळ्यात चांगला तास असतो.

शिजवायला काय नाहीये तिथे? मुळा आहे, हातभर लांब, लाल भोपळा आहे, रताळी आहेत, सातोइमो म्हणजे आपल्या अळकुड्या, वांगी आहेत, टोफू आहे. तूरडाळ ऑनलाईन येते, काबुली चणे आणि मसाले ग्योमु सुपर नावाच्या दुकानात असतात, ते जवळ नसेल तर महिन्यातून एकदा मात्सुए गाठ. भाकरीचं पीठ आणि गोडा मसाला घरून मागव, फक्त आईला सांग ताजा कढीपत्ता आणि हापूस पाठवायचा नाही, कस्टममध्ये काढून घेतात आणि मग आपल्याला आंब्याचं सुतक पाळावं लागतं.

स्टाफरूममध्ये कोणी बोलत नाही. हो, नाहीच बोलत. सगळे स्क्रीनकडे बघत असतात आणि त्यात तुझं जपानी किती येतं याचा कोणाला अंदाज नसतो, चूक होईल म्हणून ते इंग्रजी टाळतात आणि तुला कळणार नाही म्हणून जपानी टाळतात. तू सुरुवात कर, रोज एकाच माणसाशी एकच वाक्य. ऑफिसातल्या काकूंपासून कर, किंवा नर्सच्या खोलीतल्या सेन्सेइपासून, शाळेतली सगळी खरी माहिती त्यांच्याकडे असते. बाहेरगावी गेलीस की ओमियागे, म्हणजे तिथला खाऊ, आण, सुट्या पाकिटातलं, प्रत्येकाच्या टेबलावर एक. आणि एन्काइला, म्हणजे स्टाफच्या पारटीला, जा गं, पिणार नसशील तर ऊलाँग चहा घे, शाकाहारी आहे म्हणून पोट भरणार नाही तर आधी घरून खाऊन जा, चार पाच हजार येन जातील, जाऊ देत. पहिला दौर झाला की हात जोडून निघ. पण त्या दोन तासात इतिहासाचे सर सांगतील की त्यांना अजिंठा बघायचाय, आणि तुझ्या जेटीई बाई दोन ग्लासांनंतर इंग्रजीत बोलायला लागतील.

आता फॉर्म. माझं मत विचारलंस तर थांब, पण एकच वर्ष, आणि कशासाठी थांबतेस ते आधी ठरवून. ही नोकरी वाढत नाही हे मनाशी पक्कं धर, जेटमध्ये पाच वर्षांच्या वर तसंही राहता येत नाही, आणि त्यानंतर जे खाजगी कंपन्यांमार्फत एएलटी होतात त्यातले कितीतरी लोक मी बघितलेत, वयाची पस्तिशी, पगार तोच किंवा कमी, ऑगस्टमध्ये शाळा बंद म्हणून अर्धाच पगार, दर मार्चमध्ये करार होईल का याची धाकधूक. मीही जेटनंतर सैतामात एका इंग्लिश क्लासमध्ये दोन वर्षं काढली, रात्री नऊपर्यंत तास आणि सोमवार सुट्टी, आणि ती दोन वर्षं मला आजही फुकट गेल्यासारखी वाटतात. तेव्हा तिसरं वर्ष जपानी भाषेसाठी घे. जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, आता एन थ्री पातळीच्या आसपास असशील तर डिसेंबरात त्याच्या वरची एन टू धर. शाळेतले रिकामे तास ज्यांना तू वाया गेलेले म्हणतेस ते पगारी अभ्यासाचे तास आहेत, कांजीची, म्हणजे जपानी चित्राक्षरांची, वही उघडून बस, कोणी काही म्हणणार नाही, उलट शेजारचे सर लाल पेनने दुरुस्त करून देतील. एन टू असलं की तिथल्या कंपनीतही बघता येतं, तेव्हा व्हिसाचा प्रकार बदलून घ्यावा लागतो हे लक्षात ठेव, आणि पुण्यात तर जपानी येणाऱ्या माणसाला काम मिळतंच.

आणि मन खरंच उडालं असेल, म्हणजे थंडी गेल्यासारखी वाटून, पोटभर वरणभात खाऊनही उडालेलं असेल, तर नाही लिही आणि जुलैअखेर निघ, त्यात कमीपणा काही नाही. फक्त निघताना जूमिनझेइ, म्हणजे रहिवासी कर, मागच्या वर्षीच्या कमाईवर असतो, तो उरलेला भरून निघावं लागतं, तेवढे पैसे बाजूला ठेव. पेन्शनचे भरलेले पैसे परदेशी माणसाला अर्ज करून काही प्रमाणात परत मिळतात, देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा, पण ते घेतले की तेवढे महिने तुझ्या खात्यातून पुसले जातात. भारत आणि जपानमधला पेन्शनचा करार ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, त्यात दोन्हीकडचे महिने जोडून धरता येतात, म्हणून परत जपानला जायचा विचार असेल तर घाईने पैसे काढू नको.

आईबाबांचं एबीसीडी. त्यांना सांग की पुण्याचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा वॉर्डात नगरसेवक म्हणून निवडून आले आणि पुढे इबाराकीच्या एका सरकारी हायस्कूलचे प्रिन्सिपल झाले, म्हणजे जपानी शाळेत मराठी माणूस कुठवर जातो ते बघा. पण तुला म्हणून सांगते, ते एएलटी होऊन तिथवर गेलेले नाहीत, आयटी आणि बँकेतून गेले आणि त्यांचं जपानी पक्कं होतं, तर परत तेच, वही उघड. आणि एप्रिलमध्ये आईबाबांना बोलावूनच घे. ओकायामाला उतरवून कोराकुएन दाखव, पुण्यात सिंहगड रस्त्याला पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, ते त्याच बागेवरून केलंय, बाबांना एकदम ओळखीचं वाटेल. तिथून याकुमो एक्सप्रेसने डोंगरातून तुझ्याकडे. एकदा तुझ्या प्राथमिक शाळेच्या दारात उभे राहिले आणि तीस पोरं तुझं नाव घेत धावत आली की तो विषय घरात परत निघणार नाही.

एक शेवटचं, तुझ्या त्या जेटीई बाई या शाळेत किती वर्षं आहेत ते ऑफिसातल्या काकूंना विचार. सरकारी शाळेतल्या शिक्षकांच्या दर काही वर्षांनी बदल्या होतात आणि यादी मार्चच्या शेवटी लागते, तू फॉर्म भरून मोकळी झाल्यावर. पाच सहा वर्षं झाली असतील तर एप्रिलमध्ये तुझ्यासमोर वेगळंच माणूस असायची बरीच शक्यता आहे. यादी लागली की मला कळव. बाई राहिल्या तर त्यांच्या टेबलावर बाकरवडीचं छोटं पाकीट ठेव आणि पाच मिनिटांचं परत काढ, आणि गेल्या तर निरोप समारंभाला नक्की जा, रुमाल घेऊन जा, मी नेला नव्हता.